तेरा महिन्यांचं वर्ष

दुकानदाराचं वर्ष तीनदा संपतं. ३१ मार्चला सरकारसाठी, ३१ डिसेंबरला पोरांसाठी (केक आणावा लागतो!) आणि लक्ष्मीपूजनाला स्वतःसाठी. पहिल्या दोन्हींचं मला फारसं काही वाटत नाही. पण दिवाळीला आमच्याकडे अजून लाल कापडाच्या बांधणीची वही येते, तिच्यावर हळदकुंकू पडतं, पहिल्या पानावर श्री लिहिला जातो. जीएसटीचं सगळं सीएकडे, बिलं कॉम्प्युटरवर, तरी वही लागतेच. उधारी कॉम्प्युटरवर मांडली की गिऱ्हाइकाला राग येतो, हा माझा अनुभव आहे. वहीत लिहिली की नाही येत.

तर मंडळी, आज सांगतोय ते २०२० च्या दिवाळीचं. तेव्हाच लिहायचं होतं, पण तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं रडगाणं झालं असतं. आता काही वर्षं मध्ये गेली आहेत.

आमचं विट्याला कापडाचं दुकान, माझी चौथी पिढी. कापड दुकानाचा सगळा जीव लग्नसराईत. फेब्रुवारीत माल भरायचा, सुरतेच्या साड्या, इचलकरंजीचं कापड, बहुतेक सगळा उधारीवर, आणि एप्रिल-मे मध्ये बस्ते बांधून तो मोकळा करायचा. त्यात आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायला पार केरळपासून पंजाबपर्यंत पांगलेली. ती मे महिन्यात लग्नाकार्याला गावी येतात आणि खरेदी हात सैल सोडून करतात. आमचे वर्षाचे सहा महिने त्या दीड महिन्यावर चालतात म्हणा ना.

२०२० ला २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देश बंद. नवे कपडे घ्यायचा मुहूर्त, आणि आम्ही शटर ओढून घरात. आमच्याच जिल्ह्यात इस्लामपूरला त्या आठवड्यात रुग्णांचा आकडा रोज वाढत होता, त्यामुळे भीती टीव्हीतली नव्हती, तासाभराच्या रस्त्यावरची होती. ३१ मार्चला 'आर्थिक वर्ष जूनपर्यंत वाढवलं' अशी अफवा व्हॉट्सॅपवर आली, मी खूश झालो. संध्याकाळपर्यंत कळलं की तसं काही नाही. कर्जाच्या हप्त्यांना सवलत मिळाली, व्याज मात्र चालूच. अक्षय्य तृतीया गेली, मे गेला. गलाईवाले जिथे होते तिथेच अडकले. जूनमध्ये उघडायला मिळालं ते रस्त्याची ही बाजू आज, ती बाजू उद्या. ट्रायल रूम बंद, माल बदलून द्यायचा नाही. लग्नाला पन्नास माणसं. पन्नास माणसांच्या लग्नाला आहेराच्या साड्या किती लागणार? टॉवेल-टोपी किती लागणार?

गंमत बघा, त्या वर्षी अधिक आश्विन आला. म्हणजे आमचं दिवाळी ते दिवाळी वर्ष तेरा महिन्यांचं झालं! धोंड्याच्या महिन्यात जावयाला कपडे करायची रीत. महाराष्ट्रात रोज वीस हजारांवर रुग्ण सापडत होते तो सप्टेंबर, आणि तोंडाला फडकं बांधून सासवा जावयासाठी शर्टपीस निवडत होत्या. साथीपेक्षा जावई मोठा. मार्चनंतर गल्ल्यात पहिल्यांदा जरा आवाज आला तो त्यांच्यामुळे. हसू येतं, पण त्या माउल्यांनी त्या महिन्यात माझं वीजबिल भरलं.

दिवाळीआधी माळा आवरायला काढला. एरवी पोरं आवरतात, त्या वर्षी मलाच वेळ होता. तिथे एका पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या वह्या निघाल्या. काही कसरीने खाल्लेल्या, काही चांगल्या. रोजकीर्द आणि खतावणी. सगळं मोडीत. मला मोडीतलं 'श्री' सोडून काही वाचता येत नाही. गावात एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना येते. त्यांना म्हटलं, गुरुजी, शके १८४० ची तेवढी बघा. म्हणजे १९१८. कारण घरात लहानपणापासून ऐकलेलं होतं की आमची पणजी मानमोडीत गेली.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. नव्या पिढीला हा शब्दही ठाऊक नसेल. ताप यायचा, अंग मोडून निघायचं, मान धरायची नाही. जून १९१८ मध्ये तो मुंबई बंदरात उतरला, पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती माणसं घेऊन गेली. मुंबईत ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. तिथून रेल्वेने ती आत शिरली. लढाई चालू होती, आमच्या भागातली पुष्कळ माणसं फौजेत होती (खानापूर तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता), त्यांचं येणं-जाणं होतं. त्यात त्या साली पावसाने दगा दिलेला. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली. देशातला आकडा कुणी सव्वा कोटी सांगतो, कुणी त्याहून बराच जास्त. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. तसं त्यानंतरच्या कुठल्याच शिरगणतीत झालेलं नाही.

हे सगळं पुस्तकात मिळतं. मला बघायचं होतं की आमच्या वहीत काय आहे.

आणि वहीत इन्फ्लुएंझा नाही. मानमोडी हा शब्दसुद्धा नाही. गुरुजी चष्मा सरकवत वाचत गेले, मी समोर अंतर ठेवून, मास्क लावून बसलेलो. भाद्रपदापर्यंत नेहमीसारखं. धोतरजोडी, खण, चोळीला कापड, अमक्याकडून जमा, तमक्याच्या नावे. भाव बघून मात्र गुरुजी थांबले. लढाईमुळे विलायती माल येईना, कापड इतकं महागलं होतं की सरकारला त्या वर्षी गरिबांना स्वस्त 'स्टँडर्ड' कापड मिळावं म्हणून वेगळा कायदा करावा लागला. दर दोन-चार पानांनी पणजोबांनी भाव वाढवून लिहिलाय. वाढत्या भावात दुकानदाराचं भलं होतं, हे मी दुकानदार असून सांगतो.

मग आश्विन. नवरात्रात हिरवी लुगडी जायला लागली. एक, दोन, एकाच दिवशी तीन. मी म्हटलं, देवीची ओटी असेल. गुरुजी काही बोलले नाहीत, पुढे वाचत राहिले. हिरव्या लुगड्याच्या आगेमागे मांजरपाट. पाच वार. पाच वार. पाच वार. देवीला कुणी मांजरपाट वाहत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चातुर्मास, म्हणजे लग्नं नाहीत. हिरवं लुगडं सवाष्ण गेली की तिला नेसवतात, आणि मांजरपाट हे मयताचं कोरं कापड.

त्या साथीत म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयातली माणसं जास्त गेली, आणि आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त, हे मी नंतर वाचलं. घरात आजाऱ्यांचं करणाऱ्या त्याच, शेवटी खाणाऱ्याही त्याच. वहीत ते आकड्यांशिवाय दिसत होतं. लुगडी मांजरपाटाच्या बरोबरीने चालली होती.

आणखी एक गोष्ट गुरुजींच्या लक्षात आली. मांजरपाटाचा भाव आश्विनभर एकच आहे. बाकीचं कापड महागत होतं, हे नाही. आमच्या घरात नियम आहे, मयताचं कापड उधार लिहायचं नाही आणि त्यावर नफा घ्यायचा नाही. वडिलांनी पाळला, मी पाळतो. कुठून आला ते ठाऊक नव्हतं. आता निदान तो तेव्हाही होता हे कळलं. मी सुखावलो. छाती जरा फुगलीच, खोटं कशाला सांगू?

दसऱ्यानंतर पानं कोरी आहेत. अकरा दिवस. मग पुन्हा सुरू होतं ते वेगळ्या अक्षरात, मोठ्या आणि वाकड्या. पणजोबा अंथरुणाला खिळले असणार आणि आजोबा गल्ल्यावर बसले असणार. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. त्यांच्या अक्षरातल्या दुसऱ्याच ओळीत हिरवं लुगडं एक, आणि किमतीच्या जागी 'घरखर्च'.

गुरुजींनी वही मिटली. म्हणाले, उद्या बघू.

मी आजोबांना चांगलं ओळखत होतो. मी शाळेत असेपर्यंत ते दुकानात बसायचे. आईविषयी कधी बोलले नाहीत. एवढंच सांगायचे की प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहता तरी यायचं, मानमोडीत पळायला जागाच नव्हती. ते खरंच आहे. प्लेगला उंदीर पडले की गाव रिकामं करायचं, हे १८९६ पासून लोक शिकले होते. सरकारनेही १८९७ ला साथरोगाचा कायदा केला होता, जेमतेम दीड-दोन पानांचा. त्याच कायद्याखाली मार्च २०२० मध्ये माझं शटर बंद झालं! सव्वाशे वर्षांत कापडाचे किती कायदे आले-गेले, साथीचा तोच.

आता माझी वही. २०२० च्या माझ्या वहीत मांजरपाट जवळजवळ नाहीच. गावात माणसं जात होती, पण सांगली-मिरजेला दवाखान्यात जात होती आणि तिथूनच परस्पर पिशवीत बांधून नेली जात होती. कोरं कापड घ्यायला कुणी आलं नाही. अंत्यविधीला वीस माणसं, दहाव्याला तर कुणी कुणाला बोलवीना, त्यामुळे दुखवट्याचे कपडेही नाहीत. शंभर वर्षांनी कुणी माझी वही वाचली तर त्याला वाटेल की या गावात त्या वर्षी लोकांनी मरायचंच बंद केलं होतं आणि जावयांचे लाड तेवढे केले होते.

वहीत नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे तात्या. वडिलांच्या वेळेपासून दुकानात, सव्वीस वर्षं. गिऱ्हाईक पायरी चढतानाच तो सांगायचा की हे बघायला आलंय का घ्यायला. मार्च-एप्रिलचा पगार पूर्ण दिला, मे चा अर्धा. जूनमध्ये फोन करून म्हटलं, तात्या, एक दिवसाआड दुकान आहे, मी आणि पोरगा बघतो, नीट सुरू झालं की बोलावतो. तो म्हणाला, बरं अप्पा. बस. इतकंच. जून-जुलै-ऑगस्ट मी त्याला काही दिलं नाही. हातात नव्हतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. अगदीच नव्हतं असं नाही. सुरतेच्या व्यापाऱ्याचे थोडे दिले होते, पुढचा माल बंद होऊ नये म्हणून. व्यापाऱ्याचा फोन रोज यायचा, तात्याचा येत नव्हता, एवढाच फरक. अधिक महिन्यात गर्दी झाली तसा त्याला बोलावणं पाठवलं. म्हणाला, आता भाजीचा गाडा टाकलाय अप्पा, बरं चाललंय. आला नाही. दिवाळीला मिठाई आणि कपडे घेऊन मी घरी गेलो. त्याने चहा दिला, कपडे ठेवून घेतले, बायकोने कुंकू लावलं. पगाराचा विषय दोघांनीही काढला नाही.

१४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन केलं. नव्या वहीत मागची बाकी ओढायला बसलो. त्यात एक खातं होतं, फेब्रुवारीतल्या बस्त्याचं. ठरलेलं गिऱ्हाईक, मुलीचं लग्न एप्रिलात होतं. ते जूनमध्ये पन्नास माणसांत झालं, आणि सप्टेंबरात तो गृहस्थ स्वतःच गेला. बाकी ३८,४००. मी ती नव्या वहीत ओढली आणि म्हटलं, बघू.

जानेवारीत इचलकरंजीहून तगादा लागला. मी पोराला त्या घरी पाठवलं, नुसती आठवण कर म्हटलं. त्या बाईंनी दोन हजार दिले. पोरगा नोटा ठेवून निघून गेला, माझ्याशी दोन दिवस नीट बोलला नाही.

त्याच आठवड्यात गुरुजींनी खतावणी वाचून संपवली. रोजकीर्दीत रोजची आवक-जावक, खतावणीत माणसामाणसाचं खातं. घरात आम्ही ऐकलेलं होतं की मानमोडीनंतर पणजोबांनी मेलेल्यांची उधारी सोडून दिली. काही खाती तशी आहेतही. आडवी रेघ आणि खाली 'मयत'. पण एक खातं तसं नाही. कार्तिकात नवरा मयत, पुढे व्याज लावलेलं, चैत्रात पुन्हा व्याज, आणि शके १८४१ च्या मार्गशीर्षात 'खरेदीखत झाले, बेबाक'. दोन एकर.

गुरुजी इतिहासाचे. त्यांनी मला समजावलं. १८७५ ला सुप्याला कुणब्यांनी सावकारांचे रोखे आणि खतावण्या जाळल्या, तो दंगा पुणे-नगर भागात पसरला. म्हणून सरकारने १८७९ ला शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा केला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी. कोर्ट व्याज तपासून बघू शकायचं, हप्ते बांधून द्यायचं. मग त्याला बगल द्यायला लोक गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच करून घेऊ लागले. तुमच्या पणजोबांनी काही जगावेगळं केलं नाही, असं गुरुजी म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. मी म्हटलं, गुरुजी, कोऱ्या कापडावर नफा न घेणारा हाच माणूस ना? ते म्हणाले, हाच. अक्षर एकच आहे.

मी पुष्कळ विचार केला. स्वतःची बायको गेलेली, पोरगं बारा वर्षांचं, पाऊस नाही, दुकानात महागाईच्या भावाने घेतलेला माल. लढाई संपल्यावर भाव उतरणार ही धास्ती असणार. त्यालाही कुणीतरी रोज तगादा लावत असेल, आणि ती बाई लावत नसेल. हे सगळं मला २०२० च्या आधी समजलं नसतं. समजलं म्हणून ते दोन एकर काही परत जात नाहीत.

असो. माझ्या वहीतली ती ३६,४०० ची बाकी अजून आहे. दर लक्ष्मीपूजनाला पुढच्या वहीत ओढतो. रेघ मारावी तर मोठेपणा मिरवल्यासारखं वाटतं, आणि मागायला जायचं तोंड नाही. पोरगा म्हणतो, अप्पा, कॉम्प्युटरवर असती तर एका बटणात गेली असती. तात्याचा गाडा अजून आहे, एसटी स्टँडच्या बाजूला. मी मेथी त्याच्याकडूनच घेतो. कोथिंबीर वर घालतो, पण पैसे रुपयापर्यंत मोजून घेतो.

आता हे मुख्यतः घरच्यांसाठी. शिंदीच्या ओढ्याजवळचं आपलं जे रान होतं, जे १९६६ साली विकलं, ते बहुतेक हेच दोन एकर. आत्या, तुझ्या लग्नासाठी विकलं होतं ते. तू वाचत असशील तर रागावू नकोस, तुझ्याकडे किंवा काकांच्या ट्रंकेत त्या व्यवहाराचे जुने कागद असतील तर मला कळव. मूळ खरेदीखत मिळालं तर बरं होईल. त्या बाईचं नाव मला हवं आहे. खतावणीत ते नाही, नवऱ्याचं नाव देऊन पुढे नुसतं 'याची बायको' असं लिहिलेलं आहे.